सरबतावरचा कर

चंडीगडला पंधरा सेक्टरातल्या त्या घरात आम्ही सरबतावर कर बसवला होता. आम्ही म्हणजे माझ्या नवऱ्याने. मी हसले, आमच्या लेकीने भोकाड पसरलं, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी मात्र टाळी वाजवून त्याचं स्वागत केलं. शंका तिथेच यायला हवी होती. कर बसला म्हणून कुणी खूश झालं, तर एक तर त्याला कर कळलेला नसतो, नाहीतर आपल्याला तो माणूस कळलेला नसतो. त्या बाईंना सगळी गल्ली बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही बीजीच म्हणू लागलो.

नवरा चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात शिकवायला होता. डॉक्टरच, पण आजारी माणसाला बरं करणारा नव्हे. माणूस आजारी पडूच नये म्हणून त्याच्या हात धुऊन मागे लागणारा. अशा डॉक्टरांना कुणी दुवा देत नाही. जो आजार झालाच नाही त्याचे आभार कोण मानणार? मी त्यांना चारचौघांत आणि रागाच्या भरात ‘डॉक्टर’ म्हणायची, आणि रागाचे प्रसंग पुष्कळ असल्यामुळे तेच नाव रूढ झालं. आठवड्यातले बरेच दिवस ते शहराबाहेर, खरडच्या पुढे एका गावात, त्यांच्या विभागाने चालवलेल्या दवाखान्यात जात. सकाळी जीप न्यायला यायची आणि दिवेलागणीच्या आत परत आणून सोडायची. त्या वर्षांत ‘दिवेलागणीच्या आत’ या शब्दांना फार वजन होतं.

मी सांगलीकडची. वडील साखर कारखान्यात केमिस्ट. मी कारखान्याच्या कॉलनीत, मळीच्या वासात वाढले. साखर हे सावकाश चढणारं विष आहे, असं या माणसाने बघायला आला तेव्हा बोलून दाखवलं असतं तर वडिलांनी त्याला पोह्यांच्या आधीच वाटेला लावलं असतं. तेव्हा तो काही बोलला नाही. पोह्यांवर साखर भुरभुरलेली होती तीसुद्धा निमूट खाल्ली. पुढे चंडीगडला आल्यावर एकेक करून सगळं बाहेर पडलं.

ते पंजाबातले वाईट दिवस होते. चंडीगड तसं बाहेरून शांत, सरळ रस्त्यांचं, गुलमोहरांचं. पण चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली असत आणि त्यांच्या मागून बंदुकीची नळी दिसत असे. संध्याकाळ झाली की बस बंद. रेडिओवर बातम्या लागल्या की आमच्या गल्लीत भांड्यांचा आवाजसुद्धा थांबायचा. कुठे बस अडवून माणसं खाली उतरवली, कुठे शेतावर गोळ्या घातल्या. गावांची नावं ऐकायची आणि आपला माणूस त्या वाटेला गेला होता का, ते मनात जुळवून बघायचं. ‘परत कधी?’ असं मी सकाळी विचारायची नाही. विचारलं की दिवस जड जातो.

बीजी उंच, गोऱ्या, कायम पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. यजमान कालवे खात्यात अधिकारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा परदेशी होता, आणि तो आपणहून गेला नव्हता. दिल्लीत शिखांची घरं जळली, त्यानंतर बीजींनीच प्लॉट विकून त्याला धाडला होता. ‘जा, आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस,’ असं सांगून. त्याने अक्षरशः ऐकलं. कधीमधी फोन यायचा, तोही शेजारच्या घरी, आणि बीजी दुपट्टा सावरत धावत जायच्या. मुलगा आज सुखरूप घरी पोचला की नाही, हे त्यांना कुठल्याच संध्याकाळी कळायचं नाही. म्हणून असेल, त्या दुसऱ्यांच्या पोचण्याची वाट बघायच्या.

संध्याकाळ झाली की त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसत. समोरचा प्रोफेसर युनिव्हर्सिटीतून आला, कोपऱ्यावरची नर्स ड्युटीवरून आली, कुणाचा भाऊ लुधियान्याच्या बसने आला, की बीजी उठून हाक मारायच्या, ‘सुख-सांद नाल आ गया, पुत्तर?’ म्हणजे, सुखरूप आलास ना बाळा. आणि हातात पेला द्यायच्या. उन्हाळ्यात गुलाबाचं सरबत दुधात, नाहीतर ‘ठंडा’, म्हणजे बाटलीतलं कोल्ड्रिंक; त्याचा क्रेट जिन्याखाली कायम असायचा. थंडीत केशर घातलेलं दाट गोड दूध. सुखरूप आलेल्या माणसाचं तोंड गोड करायचं, ही त्यांची रीत. आणि पाहुण्याला एकट्याला प्यायला लावायचं नाही, ही दुसरी रीत. म्हणून प्रत्येकाबरोबर थोडं त्याही घ्यायच्या.

आणि बीजींना मधुमेह होता. जुना, चांगला मुरलेला.

तो शोधला आमच्याच डॉक्टरांनी. त्या काळी घरी साखर तपासायची तर लघवीचे थेंब निळ्या द्रावणात टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवावी लागे. निळं राहिलं तर ठीक. नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टर हा उद्योग आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात करत आणि बीजी शेजारी उभ्या राहून कौतुकाने बघत. ‘अज्ज तां संतरा बणया ए,’ असं म्हणून त्या हसायच्या. आज संत्रं झालंय. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या, आणि ज्यांची साखर त्या बाई रंगपंचमी बघितल्यासारख्या खूश. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायच्या. गोळी घेतली की सरबताला मोकळीक मिळते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

डॉक्टर स्वतः बीजींचा पेला कधी घेत नसत. जीपमधून उतरले की फाटकाशी हात जोडायचे, ‘नहीं बीजी, बिलकुल नहीं,’ म्हणायचे आणि दोन दोन पायऱ्या चढून वर यायचे. दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपण पाळायचं, हा त्यांचा बाणा. मला त्याचा अभिमान होता, हे खोटं कशाला सांगू. बीजी पेला हातात धरून हसत राहायच्या. राग त्यांना येतच नसे.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या डोक्यात कर शिरला. गोड पेयांवर सरकारने चांगला जबर कर बसवावा, म्हणजे लोक कमी पितील, आणि येणारा पैसा गावोगाव स्वच्छ पाण्यासाठी वापरावा. खरडकडच्या त्या गावात मुलं खराब पाण्यामुळे हगवणीने दगावायची, आणि त्याच गावातल्या दुकानात बाटल्यांची रास. डॉक्टरांना ते बघवत नसे. त्यांनी मुद्देसूद प्रस्ताव तयार केला आणि सचिवालयातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची वेळ घेतली. अधिकारी भला माणूस होता. त्याने बसवलं, घंटी वाजवली, आणि शिपायाने डॉक्टरांच्या पुढ्यात स्ट्रॉ घातलेली कोल्ड्रिंकची बाटली आणून ठेवली.

डॉक्टरांनी ती प्यायली नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घेताना अधिकाऱ्याची नजर त्या न प्यायलेल्या बाटलीवर होती. शेवटी तो म्हणाला की डॉक्टरसाहेब, इथे आम्ही रोज गोळ्यांनी मेलेले मोजतो, साखरेने मेलेले कुठून मोजू. आणि लोकांपाशी आता गार पिण्याएवढीच मजा उरली आहे, तीही काढून घेऊ का? डॉक्टरांनी घरी येऊन हे सांगितलं आणि प्रस्ताव कपाटात ठेवून दिला. मला त्यांची दया आली आणि अधिकाऱ्याचंही पटलं. पण मी कशाला बोलते. दोन दिवसांनी तेच म्हणाले, ‘आधी घरात करून दाखवतो. शितावरून भाताची परीक्षा.’

असा तो कर आला. नियम सोपा होता. या घरात, वर किंवा खाली, जो कुणी साखरेचं गार काही पिईल त्याने त्या पेल्याला जेवढा खर्च आला तेवढेच पैसे डब्यात टाकायचे. चहाला सूट. चहा ते स्वतः प्यायचे, अर्धा चमचा साखर घालून. डबा बिस्किटांचा, झाकणाला चीर पाडलेली. तो जिन्याच्या पायथ्याशी, बीजींच्या दाराजवळ ठेवला. आणि डब्यातला पैसा त्या गावच्या दवाखान्यात मुलांच्या पिण्याच्या पाण्यासाठी.

वरच्या मजल्यावर कराने चमत्कार केला. आमची लेक आम्ही मराठीत बोललो की हिंदीत उत्तर द्यायची, पण खाऊच्या पैशांच्या बाबतीत अस्सल आपल्याकडची निघाली. ‘इतने में तो कॉमिक आ जाएगी,’ असं म्हणून तिने बाटली सोडली ती सोडलीच. मी एकदा पैसे टाकले, दुसऱ्यांदा टाकताना जिवावर आलं, तिसऱ्यांदा माठातलं पाणी प्यायले. चंडीमंदिरच्या छावणीत लष्करातल्या मराठी माणसांच्या बायकांचं हळदीकुंकू असे, तिथेही डॉक्टरांनी मला गळ घालून प्रयोग करायला लावला. सगळ्या हसल्या, एकदा कौतुकाने पैसे टाकले, आणि पुढच्या वेळी झाडून साऱ्या जणी म्हणाल्या, आम्हाला आपला चहाच द्या. चहात प्रत्येकीला दोन दोन चमचे साखर. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘ते बघू पुढे. पण कर चालतो, हे तर दिसलं?’

चालत होताच. आम्हा लोकांवर चालत होता. कर लावताना त्यांनी माणूस म्हणजे आपल्यासारखाच धरला होता, हिशेबी, पैशाला पैसा जोडणारा, खिशाला हात लागला की तहान विसरणारा. बीजी तशा नव्हत्या. आमच्याकडे खर्च झाला की माणूस हळहळतो. तिथे चांगल्या कामाला पैसा गेला की माणूस सुखावतो. गुरुद्वारात माथा टेकताना जो हात सैल सुटतो तोच हात बीजींनी त्या डब्याला लावला. मुलांना पाणी पाजण्यासाठी पैसा. यापेक्षा मोठं पुण्य कुठलं? आणि ते मिळवायला करायचं काय, तर जे आवडतं ते प्यायचं. त्या दिवसांत उन्हाळ्यात गुरुपर्वाला रस्त्यावर छबील लागायची, शिखांची पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून गोड कच्ची लस्सी, म्हणजे पाणी घातलेलं गार दूध, पाजायची, फुकट, हात जोडून. ज्यांनी जन्मभर गोड पाजणं ही सेवा मानली, त्यांना आम्ही सांगितलं की गोड पिणंही सेवाच आहे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ना, ते हे.

आम्हाला वाटलं, डबा भरतोय म्हणजे बीजी पाहुण्यांचा कर उदारपणे भरताहेत. आणि भरत होता तो असा की डॉक्टर हरखून गेले. त्या पैशांत विभागाने थोडी भर घातली आणि गावच्या दवाखान्याच्या ओट्यावर पाणी गाळायची टाकी बसली, खाली नळ. टाकी बसल्यावर डॉक्टरांनी जी गोष्ट केली ती त्यांनी करायला नको होती, पण त्या वेळी मलाही ती फार सुंदर वाटली होती. एका सकाळी, वाटेवर सगळं ठीक आहे याची खात्री करून, ते बीजींना जीपमध्ये घालून टाकी दाखवायला घेऊन गेले. मीही होते.

नळाला मुलं लागली होती. ओंजळीने पीत होती, एकमेकांवर उडवत होती. डॉक्टरांनी गावातल्या बायकांना सांगितलं की हे पाणी या माताजींनी दिलं. एक म्हातारी पुढे आली आणि तिने बीजींचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.  येताना नाक्यावर जवानाने जीप थांबवून आत डोकावून बघितलं, तर बीजी त्यालाच उलट म्हणाल्या, पुत्तर, पाणी प्यायलास का? घरी आल्यावर त्यांनी दुकानातून नवा क्रेट मागवला.

मला खरा प्रकार कळला तो पावसाळा संपता संपता. डॉक्टर नेहमीसारखे हात जोडून वर आले होते आणि मी पुदिना तोडायला खाली गेले. बीजी फाटकाजवळच्या खुर्चीतच होत्या. त्यांनी आपला पेला संपवला. मग डॉक्टरांसाठी ओतलेला, त्यांनी नाकारलेला पेला उचलला आणि तोही शांतपणे, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. उठल्या आणि डब्यात पैसे टाकले. दोन पेल्यांचे.

मी म्हटलं, ‘बीजी, ये तो डॉक्टरसाहब का था.’

‘हां जी,’ त्या म्हणाल्या. ‘किसे दे सुख-सांद दा गिलास डोल्ली दा नहीं. ओह नहीं पींदा, ते मैं ओहदे वल्लों पी लैंदी हां. टॅक्स वी भर देंदी हां.’

कुणाच्या सुखरूप येण्याचा पेला ओतून द्यायचा नसतो. तो पीत नाही, म्हणून मी त्याच्या वतीने पिते, आणि करही भरते. किती साधं होतं. आणि हे रोजचं होतं, पहिल्या दिवसापासूनचं. डॉक्टरांचा प्रत्येक ‘बिलकुल नहीं’ बीजींच्या पोटात एक जास्तीचा पेला होऊन जात होता. मी पुदिना तिथेच टाकून वर आले आणि जेवायच्या आधीच त्यांना सांगितलं.  नंतर ते बराच वेळ नुसतेच हात धूत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उचलला आणि कर संपला असं जाहीर केलं. बीजींना वाटलं, आपलं काही चुकलं म्हणून सेवा काढून घेतली. दुपारपर्यंत त्यांनी चहाच्या पत्तीचा रिकामा डबा त्याच जागी मांडला होता, झाकणाला स्वतःच चीर पाडून. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, निळ्या द्रावणाचा लाल झालेला रंग दाखवून भीती घातली. बीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तू रोज त्या रस्त्याने जाऊन परत येतोस त्याची भीती वाटते मला, याची कसली.

मीच मग एक युक्ती सुचवली. चंडीगडच्या घरांना मागे एक गल्ली असते आणि मागून जिना. मी म्हटलं, तुम्ही मागून या, म्हणजे पेला ओतलाच जाणार नाही. त्यांना पटलं. जीप मागे थांबली, ते मागच्या जिन्याने वर आले, चहा घेतला, पेपर वाचत बसले. आम्हा दोघांनाही आपण फार शहाणे आहोत असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी रेडिओवर बस अडवल्याची बातमी होती, त्यांच्याच वाटेवरची. बीजी फाटकाशी बसून होत्या. सगळी गल्ली आली, जीप आली नाही. मग त्या उठल्या आणि, ज्या बाई एरवी बाजारापर्यंतही रिक्षाने जायच्या, त्या चालत चौकातल्या वाळूच्या पोत्यांपर्यंत गेल्या आणि बंदूक घेतलेल्या जवानाला विचारू लागल्या की माझा डॉक्टर आला का. समोरचे प्रोफेसर त्यांना धरून घेऊन आले. डॉक्टर खाली धावले. त्यांना बघून बीजींनी त्यांच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला आणि आपण स्वतःच रडत आहोत हे विसरून त्यांना म्हणाल्या, रो ना पुत्तर. मग आत गेल्या आणि दोन पेले घेऊन आल्या. डॉक्टरांनी तेव्हाही हात जोडले. सवयच ती. उद्यापासून पुढच्या फाटकानेच येईन, एवढं मात्र म्हणाले, आणि तसेच येत राहिले.

आता वर्तमानपत्रात, टीव्हीवर अशा कराची पुष्कळ चर्चा असते. देशोदेशी लावतात म्हणे, उपयोगही होतो म्हणतात. लोक डॉक्टरांना सांगतात, तुम्ही तर केव्हाच हे म्हणत होतात, काळाच्या पुढे होतात. ते विषय बदलतात. मला मात्र अजून वाटतं की त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. कर कारखान्यावर लावायचा, दुकानावर लावायचा, पोरांच्या हाताला बाटली महाग पडेल असा लावायचा; माझे वडील आज असते तरी मी त्यांच्या तोंडावर हे म्हटलं असतं. पण फाटकाशी पेला घेऊन बसलेल्या एकट्या बाईवर कर लावायचा नसतो. तिला तहान नसतेच मुळी, तिला कुणीतरी यायला हवं असतं. हे कुठल्या प्रस्तावात लिहिणार?

पुढच्या उन्हाळ्यात बीजी गुरुद्वारात गेल्या. भर दुपार, अनवाणी, तापलेली संगमरवरी फरशी. बाकीच्या बायका पाय उचलत पळत सुटल्या, बीजी सावकाश चालत आल्या. त्यांच्या पायांना कळलंच नाही. मधुमेहाने तळव्यांची जाणीव केव्हाच नेली होती. संध्याकाळी मी बघितलं तेव्हा तळव्याला मोठे फोड आले होते आणि त्या म्हणत होत्या, कुछ नहीं, जुत्ती चावली असेल. डॉक्टरांनी त्याच क्षणी ओळखलं. मलमपट्टी, इंजेक्शनं, सगळं केलं. जखम भरेना. आधी बोटं काळी पडली, मग पाऊल. इस्पितळात नेऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मुलाला फोन केला. तो निघतो म्हणाला, आणि बीजींनी निरोप पाठवला की सांगा त्याला, मी बोलावलेलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी मी संध्याकाळी वॉर्डात त्यांच्यापाशी बसले होते आणि डॉक्टर खरडहून थेट तिथे आले, बुटांवर गावची धूळ घेऊन. बीजींनी डोळे उघडले. ‘सुख-सांद नाल आ गया?’ म्हणाल्या आणि सवयीने बाजूच्या छोट्या कपाटाकडे हात नेला. तिथे स्टीलच्या भांड्यात नुसतं पाणी होतं. त्यांचे डोळे भरून आले. पाय गेल्यावर जी बाई रडली नव्हती ती आता रडत होती.

‘इत्थे तां मैनूं कुछ मिट्ठा पीण नहीं देंदे,’ त्या म्हणाल्या. ‘हुण टॅक्स कौण भरेगा? न्याणेयां दा पाणी बंद हो जाऊ.’

त्यांना वाटत होतं, आपलं पिणं थांबलं म्हणून त्या गावच्या मुलांचं पाणी थांबेल. पाणी आता विभागाच्या पैशावर चालू होतं, कुणाच्या पेल्यावर अवलंबून नव्हतं, हे डॉक्टर सांगू शकले असते. नाही सांगितलं. ते म्हणाले, ‘मैं भरूँगा, बीजी.’

‘तू किवें भरेंगा? तू तां पींदा ही नहीं.’ तू कसा भरणार, तू तर पीतच नाहीस.

डॉक्टर उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवरची कोल्ड्रिंकची बाटली होती. स्टूल पलंगाजवळ ओढून ते बसले आणि बीजींच्या देखत ती सगळी प्यायले, थांबत थांबत, सवय नसलेल्या माणसासारखे. बीजी बघत होत्या. ‘मिट्ठा है?’ असं त्यांनी विचारलं आणि डॉक्टरांनी मान डोलावली. मग बीजींनी दुपट्टा सारखा केला आणि डोळे मिटून घेतले.

बीजी घरी परत आल्याच नाहीत. जोवर होत्या तोवर डॉक्टर रोज संध्याकाळी स्टुलावर बसून एक बाटली संपवत. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर वऱ्हांड्यात ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘माझा अर्धा पेला मी घेतला असता, तर बीजींनी अर्धाच घेतला असता.’